गृहलक्ष्मीच्या दोन हजारांनी गरीब घराची परिस्थिती खरोखर बदलते का?

प्रश्न : मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना 30 ऑगस्ट 2023 रोजी म्हैसूर येथे सुरू झाली. तेव्हापासून आमच्या गावातील बहुतेक घरांत रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यावर महिन्याला 2000 रुपये येतात. ज्यांच्या नावाचा उतारा आहे त्यांना केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत वेगळे मिळतात. चंदगड भागात दिलेल्या लेकींना जुलै 2024 पासून महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये मिळू लागल्याने माहेर-सासरच्या बोलण्यातही हा विषय सतत निघतो.

गावात याबद्दल दोन मते आहेत. काही जण म्हणतात, घरबसल्या पैसे मिळू लागल्यापासून भात लावणीला बायका मिळेनाशा झाल्या. दुसरे म्हणतात, हे पैसे नसते तर घर चालले नसते. आमच्या शेजारी चार गुंठ्यांवर भागवणारे एक कुटुंब आहे. नवरा गोव्याला बांधकामावर असतो आणि बाईच्या खात्यावर आलेले पैसे बहुतांशी फायनान्सच्या (म्हणजे छोटी कर्जे देणाऱ्या कंपनीच्या) आठवडी हप्त्यात जातात. पैसे असे कर्जातच जिरणार असतील, तर त्या घराचे जीवन बदलले असे म्हणता येईल का? राजकारण बाजूला ठेवून, प्रत्यक्ष पाहिलेले आणि खात्रीचे असेल ते कृपया लिहावे.

उत्तर : सीमाभागातील शिक्षिका (निपाणी)

आपल्या शेजारणीचा हप्ता वेळेवर जातो, हाच माझ्या मते मोठा बदल आहे. आमच्याकडे एका फायनान्सचा हप्ता भागवण्यासाठी दुसरीकडून उचल करायची आणि ती फेडायला तिसऱ्या संघाकडे जायचे, असा फेरा कित्येक घरांत चालू असतो. वसुलीचा जाच इतका वाढला होता, की फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. अशा घरात महिन्याचे दोन हजार हाताशी असणे म्हणजे नवे कर्ज न काढता जुने फेडता येणे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही, कारण घरात नवी वस्तू येत नाही.

माझ्या वर्गातील एका मुलीची आई बिड्या वळते. दिवस मावळला की तिला दोरा नीट दिसत नसे. बिडी सैल बांधली जाई आणि माल द्यायला गेल्यावर छाट जास्त निघे. छाटलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, पत्ती आणि तंबाखूचा हिशेब मात्र द्यावा लागतो. चष्म्याची गरज तिला फार पूर्वीच कळली होती, पण दर वेळी मुलांची वह्या-पुस्तके, सासऱ्यांचे औषध किंवा कोणाचे तरी लग्न आधी येई आणि चष्मा मागे पडे. गृहलक्ष्मीचे पैसे आल्यावर तिने तो करून घेतला. छाट कमी झाली, हे तिने मला शाळेच्या फाटकाशी उभे राहून बोटांवर हिशेब करत सांगितले. तो चष्मा तिने कोणाला विचारून घेतला नाही, ही गोष्ट मला त्या हिशेबाइतकीच महत्त्वाची वाटते. नवऱ्याच्या हातात हेच पैसे पडते तर त्याने ते उधळलेच असते, असे मी म्हणणार नाही. परंतु तिचा चष्मा पुन्हा मागे पडला असता, याबद्दल मला शंका नाही.

उत्तर : भातशेतीवाला (बेळगाव तालुका)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. लावणी आठ-दहा दिवसांत उरकावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी माणूस मिळत नाही. दर वाढवून दिला तरी बायका दुपारनंतर थांबायला तयार नसतात. ज्याच्याकडे दोन-तीन एकरच आहेत त्याने काय करावे, याचाही विचार व्हायला हवा.

उत्तर : ग्रंथालयातील वाचक (बेळगाव)

भातशेतीवाले यांनी मांडलेला मुद्दा इतर ठिकाणीही तपासला गेला आहे. मध्य प्रदेशात सेवा या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने 2011 च्या सुमारास काही गावांत सर्वांना दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली. सुरुवातीला मोठ्यांना 200 आणि मुलांना 100 रुपये होते, नंतर ते 300 आणि 150 करण्यात आले. लोकांनी काम सोडल्याचे तेथे आढळले नाही. काम बदलल्याचे मात्र आढळले : दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी कमी करून लोक स्वतःच्या तुकड्यावर आणि जनावरांवर अधिक वेळ देऊ लागले. म्हणजे ज्याला मजूर हवा आहे त्याची तक्रारही खरी असू शकते आणि मजूर आळशी झालेले नाहीत हेही खरे असू शकते. पूर्वी मिळेल त्या दराला होकार देणे भाग असलेली बाई आता नकार देऊ शकते, हे मला तरी वाईट वाटत नाही. लहान शेतकऱ्याचा खर्च भागण्यासाठी उपाय हवा, पण तो तिच्या नाइलाजावर उभा असू नये.

पैसे दारूत जातात, ही शंका येथे अद्याप कोणी काढलेली नाही, तरी ती निघतेच म्हणून लिहितो. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. थेट मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांना दिसून आले नाही.

केनियातील एक प्रयोग आपल्या भागाशी विशेष जुळतो. तेथे 2018 पासून काही गावांना एकरकमी, तर काहींना दरमहा पैसे देण्यात आले. धंदा उभा करायला एकरकमी पैसा अधिक उपयोगी पडला. परंतु बारा वर्षे दरमहा मिळणार याची खात्री असलेल्यांनी आपल्याकडच्या भिशीसारखे गट करून स्वतःच मोठी रक्कम उभी केली. आपल्याकडेही गृहलक्ष्मीच्या पैशांवर भिश्या सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि वर्षाचे 24000 रुपये हातात एकत्र आले तर शेळ्या घेता येतात किंवा पावसाळ्यापूर्वी घर शाकारता येते. मात्र भिशीला ठरलेली तारीख लागते.

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी (चिकोडी)

तारखेचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण माझ्या अनुभवात सारे काही तेथेच अडते. दोन-तीन महिन्यांचे हप्ते थकतात आणि मग एखाद-दुसरा अचानक जमा होतो. ज्या बाईला पाच तारखेला पैसे येणार हे ठाऊक असते ती दुकानदाराची उधारी ठरवून घेते. जिला ते ठाऊक नसते ती आधीच्यासारखीच सावकाराकडे जाते, आणि उशिरा आलेले पैसे त्याच्या व्याजात जातात. वर्षाची बेरीज दोघींची सारखी असली तरी दोन्ही घरे सारखी चालत नाहीत. शेजारणीचे जीवन बदलले का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे : ज्या महिन्यांत पैसे वेळेवर आले त्या महिन्यांत बदलले.

दुसरी अडचण खात्याची आहे. पासबुक घेऊन बायका शाखेत येत आणि पैसे आलेच नाहीत म्हणत. तपासल्यावर दिसे, की आधार शेवटी ज्या खात्याशी जोडले गेले तेथे, म्हणजे एखाद्या विसरलेल्या जनधन खात्यात, ते जमा झाले आहेत. मोबाइलवर येणारा संदेश कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो आणि आपल्या गावांतील अनेक वयस्कर बायकांना तो वाचता येत नाही. वाचून दाखवणारा पुतण्या किंवा शेजारी प्रामाणिक असेल तर ठीक, एवढ्यावर हा व्यवहार चालतो. ही योजना ज्यांच्याकडे आहे त्या महिला व बालकल्याण विभागाच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार आहेत. निदान या जिल्ह्यात मराठीतूनही माहिती मिळावी, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतींनी ठराव करून त्यांच्याकडे पाठवायला हवी.

प्रश्नकर्ता : मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शेजारणीला आपली उत्तरे वाचून दाखवली. भिशीचे ऐकून ती म्हणाली, "तारीख कळूदे आधी, मग भिशी लावू की." तिच्या जावेची अडचण मात्र निराळी आहे. त्यांच्या कार्डावर सासू प्रमुख होत्या, त्या वारल्या आणि पैसे बंद झाले. त्यांनी काय करावे?

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी (चिकोडी)

आधी मृत्यूचा दाखला काढावा, तो जोडून रेशनकार्डावरील सासूबाईंचे नाव कमी करावे आणि सुनेचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लावून घ्यावे. नवे कार्ड हाती आल्यावर तिच्या नावाने गृहलक्ष्मीचा नवा अर्ज ‘ग्राम वन’ (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात करता येतो. अर्जापूर्वी तिचे आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे हे बँकेत विचारून घ्यावे. सासूबाईंच्या खात्यात मागचे हप्ते जमा झालेले असतील तर एटीएम कार्ड वापरून ते काढू नयेत. वारसाचा अर्ज देऊन मागावेत, म्हणजे पुढे भावाभावांत त्यावरून वाद होणार नाही.