मदत हवी आहे : गर्भपात, गोळ्या की क्युरेटिंग? (सोलापूर)

सायली_सोलापूर : टेस्ट पॉझिटिव्ह आलीये. ठेवायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलंय, त्यावर चर्चा नको. गोळ्यांनी घरी होतं की क्युरेटिंगच करावं लागतं? दवाखान्यात म्हणाले नवऱ्याची सही आणा. हे पुण्यात कामाला, लगेच येणं जमत नाही. लवकर सांगा कोणीतरी.

होटगीरोडकर : किती आठवडे झालेत? गोळ्या आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच देतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा.

बार्शीची_नीता : माझ्या बहिणीने मेडिकलमधून आणून घेतल्या, काही झालं नाही. सोनोग्राफी म्हणजे पैसे काढायचे धंदे.

शुभदा_नर्स : नीताताई, कृपा करून असं सांगू नका. गर्भ पिशवीत नसून नळीत असला तर या गोळ्यांनी पडत नाही, ते सोनोग्राफीत कळतं. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं. सायली, पाळी कधी आली होती? सिझर झालंय का? रक्तगट?

सायली_सोलापूर : पाळी आलेलीच नाही. बाळ दहा महिन्यांचं आहे, अंगावर पितंय. सिझर झालं होतं. बी पॉझिटिव्ह.

शुभदा_नर्स : मग दिवस मोजायचे कशावरून? सोनोग्राफीशिवाय गत्यंतर नाही. नऊ आठवड्यांच्या आत निघालं तर आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. दुसऱ्या गोळ्यांनंतर पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त जातं. दोन आठवड्यांनी दाखवायला जायचंच, कारण थोड्या जणींना मागाहून पिशवी साफ करावी लागते. दिवस जास्त भरले असतील तर व्हॅक्यूमने, म्हणजे ओढून घेऊन, पिशवी रिकामी करतात, बारा आठवड्यांपर्यंत. काही मिनिटांचं काम, बहुतेकींना त्याच दिवशी घरी सोडतात. जुन्या पद्धतीचं खरवडणं (क्युरेटिंग) करणार असतील तर व्हॅक्यूमची सोय आहे का, ते आवर्जून विचार. सिझर झाल्याचं सांगायला विसरू नकोस.

मुळेगावकर : पण नवऱ्याची सही घेतात ते बरोबरच आहे. उद्या घरात वाद नकोत.

होटगीरोडकर : कायद्यात ती अट नाही. १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं.

मुळेगावकर : कायदा कागदावर. घर माणसांनी चालतं.

होटगीरोडकर : दोघांचं ठरलंय असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि सहीपायी दिवस गेले तर गोळ्यांची मुदत टळेल, त्याचं काय?

चाटीगल्ली : ठरावीक गटातल्या बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंतची जी तरतूद आहे, तिचा लग्न न झालेल्या मुलींनाही हक्क आहे, २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

सायली_सोलापूर : माझं लग्न झालंय हो. पाजणं बंद करावं लागेल का? सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

शुभदा_नर्स : सहसा नाही, तरी अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना सांग. आणि ही माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सिव्हिलला स्त्रीरोग ओपीडीत सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि सिझरची फाईल घेऊन. नंतर तासाला दोन मोठे पॅड भिजतायत असं सलग दोन तास झालं, ताप आला किंवा चक्कर आली, तर थांबू नकोस, १०८ लाव.

बार्शीची_नीता : आणि नंतर तांबी बसवून घे. मी बसवली, काही त्रास नाही.

चाटीगल्ली : माझ्या बायकोला तांबीने फार जायचं. त्यापेक्षा इंजेक्शन बरं.

सायली_सोलापूर : ते नंतर बघते. उद्या सिव्हिलला जाते. बाळाला सोबत नेलं तर चालेल का?