मदत हवी आहे: बाबांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत

नमस्कार मंडळी, बाबा ७२ वर्षांचे, दारात रिक्षा थांबली तरी त्यांना कळतं, पण माझी मुलगी "आजोबा, सात वाजले" म्हणाली की यांना ऐकू येतं आठ आणि मग घरात भांडण 😀 परवा ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) केली तर ५०० हर्ट्झपर्यंत ग्राफ जवळपास नॉर्मल, ४००० ला, म्हणजे चिरक्या आवाजांना, मात्र एकदम ६० डेसिबलवर घसरलाय. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या स, श, फ हे वरच्या फ्रीक्वेन्सीचे आवाज, तेच गळतायत, आणि कानाच्या आतल्या शंखासारख्या कॉक्लियात चिरक्या आवाजाच्या केसांसारख्या पेशी अगदी तोंडाशी असतात, गेल्या की परत येत नाहीत. इथपर्यंत समजलं. पण मग पेशीच नाहीत तर कानाच्या मशीनने (हिअरिंग एडने) आवाज वाढवून ऐकणार कोण? की थोड्या शिल्लक असतात त्यांच्यावर काम भागतं? आणि दोन्ही कानांचा ग्राफ सारखाच आहे तर एकच मशीन घेतलं तर चालेल का, दोन म्हणजे खर्च दुप्पट. बाबांचं म्हणणं, तुम्हीच नीट बोलत जा. कोणाच्या घरी वापरतायत का, शब्द खरंच स्पष्ट होतात की नुसता गोंगाट वाढतो, प्लीज सांगा.