निजामाचा पिवळा झेंडा वेशीवर लावायचा? वारसा म्हणून?

गोदाकाठ
मुक्तिसंग्राम दिनाच्या धाग्यावर काल एकाने सुचवलं, की १७ सप्टेंबरला गावच्या जुन्या दरवाजावर आसफजाही, म्हणजे निजाम घराण्याच्या, झेंड्याची मोठी प्रतिकृती लावावी आणि खाली ‘आपला वारसा’ अशी पाटी ठोकावी. कारण काय, तर दरवाजा निजामकालीन, रेल्वे निजामाची, कचेऱ्या निजामाच्या, मग झेंड्यानेच काय पाप केलंय? प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

१५ ऑगस्ट १९४७ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवणं गुन्हा होता. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. त्याआधी, ऑक्टोबर १९४६ मध्ये, बिलोलीजवळच्या अर्जापूरला या लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले होते. ज्या दिवशी ही सत्ता गेली तो दिवस साजरा करायचा आणि त्याच दिवशी तिचं निशाण वेशीवर चढवायचं, याला वारसा म्हणत नाहीत.

लपवा असं माझं म्हणणं नाही. झेंडा बंद पेटीत ठेवा, आडवा ठेवा, शेजारी तारीख आणि संदर्भ द्या. काठीवर नको, दरवाजावर नको, खांबाला तर नकोच.

बालाघाटी
तुम्ही नेमकं अर्धंच सांगायलाव. ज्या निजामाचं निशाण तुम्हाला वेशीवर चालत नाही, त्यालाच भारत सरकारने २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद राज्याचं राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखं, केलं. १९५६ ला राज्य मोडेपर्यंत ते त्या पदावर होते. दिल्लीला चाललं ते आपल्याला काऊन चालू नये?

आणि हा झेंडा परका कसा? मधलं पांढरं वर्तुळ म्हणजे कुलचा, गोल रोटी. ती कथाच औरंगाबादच्या सुफी संताची, सात कुलचे खाल्ले म्हणून सात पिढ्या राज्य अशी. पहिल्या आसफजाहची कबर खुलताबादला. १७६३ पर्यंत राजधानी औरंगाबाद. मराठवाड्याचा इतिहास पुण्याच्या चष्म्यातून बघायची सवय आधी सोडा.

कुलूपकिल्ली
दोघांनाही विचारतो, खरा झेंडा की प्रतिकृती? खरा कोणी बाहेर लावणार असेल तर वादच संपला, कारण वर्षभरात तो झेंडा उरणार नाही. जुन्या कापडाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड देत नाहीत. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं. म्हणजे वेशीवरचा एक तास हा पेटीतल्या दोन हजार तासांएवढा, रोज आठ तास दालन उघडं धरलं तर अडीचशे दिवस. पिवळा रंग सगळ्यात आधी उडतो आणि घडीच्या रेषेवर धागा तुटतो.

पेटीतही लोक घोळ घालतात. थेट काचेला चिकटवतात, पावसाळ्यात आतून दव धरतं आणि शाई काचेवर उतरते. फेविकॉल लावतात, लॅमिनेशन करतात, डांबरगोळ्या टाकतात. यातलं काहीच करू नये. आम्लविरहित पुठ्ठा घ्या. त्यावर खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेला मांजरपाट ताणा आणि झेंडा बारीक रेशमी दोऱ्याने सैल टाक्यांनी त्याला धरा. टाका विणीच्या मधून गेला पाहिजे, धागा फोडून नव्हे. उतार तीस अंशांपेक्षा जास्त नको, काचेपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा. कसर असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांत दोन आठवडे. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये ओल. कापड आकसतं, फुगतं, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून पेटी ठेवू नका.

मांजराथडी
कापडाची एवढी काळजी! रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता हे इथे कोणी लिहिलं का? रझाकारांच्या भीतीने अख्खी गावं सोलापूर-बार्शीकडे सरकली होती. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी काचेजवळ उभं राहून टाके बघायचे का? झेंडा कोठारात राहू द्या. अभ्यासकाने अर्ज करावा आणि बघावा. प्रदर्शनात नकोच.

खामनदी
मांजराथडी, राग समजतो, पण झेंडा म्हणजे रझाकार आणि रझाकार म्हणजे मुसलमान ही साखळी इथेही जोडली जातेय. शोएबुल्ला खान ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्राचे संपादक होते. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ते नाव पाटीवर येणार का?

आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरचं? भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज नळदुर्गात शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला, एवढंच लिहून पाटी संपवणार असाल तर ती पाटीही अर्धीच.

मांजराथडी
म्हणजे आधीच्या अत्याचारांची बरोबरी लावून मोकळं व्हायचं?

खामनदी
बरोबरी कोण लावतंय? दोन्ही लिहा म्हणतोय. तुम्हाला एकच हवंय आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

आबान१३५७
पाटीचा विषय निघालाय तर तारखांचं बोलू. निजामाच्या कारभारातलं साल फसली. इसवी काढायला त्यात सरसकट ५९० मिळवून पाट्या रंगवलेल्या असतात. हैदराबादचं फसली वर्ष १ आझूरला, म्हणजे ६ ऑक्टोबरला सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या ५ ऑक्टोबरपर्यंत ५९१. १७ सप्टेंबर १९४८ हा १३५७ फसलीचा शेवटचा महिना, आबान. त्यात ५९० मिळवलं की १९४७ येतं आणि मुक्ती वर्षभर आधीच होऊन बसते.

झेंड्याचंही तसंच. अक्षरांच्या झेंड्यात वर ‘अल अजमतुलिल्लाह’, मध्ये ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह’, खाली ‘या उस्मान’. हा उस्मान म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली, ते १९११ ला गादीवर आले. तेव्हा हा झेंडा सव्वादोनशे वर्षांचा म्हणून दाखवणं खोटं आहे. बालाघाटी, सात पिढ्यांची कथा या कापडाला लावू नका.

बालाघाटी
अक्षरांचं मान्य. पण निजामाच्या काळचा कागद सरकारला चालतो ना? मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरवरच उभा आहे. दाखल्यासाठी निजामाची नोंद शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या आणि झेंडा दिसला की तोंड फिरवायचं. हा कुठला न्याय?

गोदाकाठ
नोंद पुरावा म्हणून वाचतात, तिला कोणी सलामी देत नाही.

आबान१३५७
गॅझेटियरबद्दलही गैरसमज आहे. त्यात जातवार आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. आकड्यावरून कोणाचा पणजोबा सिद्ध होत नाही. नाव सापडायचं तर पहाणीपत्रक, सेतवार अशी जमिनीची कागदपत्रं, जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचं रजिस्टर. गावचा कागद बहुधा मोडी लिपीत, वरचा उर्दूत. उर्दूत ‘कुणबी’ लिहिताना न आणि ब यांचा दात, म्हणजे अक्षराचं छोटं टोक, सारखाच असतो, फरक फक्त नुक्त्याचा (टिंबाचा), एकाचा वर, दुसऱ्याचा खाली. घाईच्या शिकस्ता (मोडक्या, जलद लिपीच्या) हातात नुक्ते गळतात. वाचणाऱ्याने त्याच कारकुनाच्या हातचे दुसरे शब्द शेजारी ठेवून दात मोजायचे असतात. ते न करता एका नजरेत ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरवतात.

मांजराथडी
आणि ओबीसींचं काय? घाईत ‘आहे’ वाचलं की कोणाचा वाटा जातो तेही सांगा.

बालाघाटी
आला का मुद्दा! नोंद असून ‘नाही’ वाचलेल्यांचं कोणी बोलायचं मग?

मांजराथडी
नोंद असेल तर दाखवा, आमची हरकत नोंदीला नाही. रेटून वाचण्याला आहे.

कुलूपकिल्ली
भांडा, पण कागद वाचवा. वाचता यावं म्हणून फाटलेल्या पानाला सेलोटेप लावतात. काही वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षरं घेऊन सुटतो. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडा. आधी फोटो काढा, पानाची मागची बाजूसुद्धा, शेरे बहुतेकदा तिथेच असतात.

गोदाकाठ
दाखल्यांसाठी दुसरा धागा काढा. इथे वेशीवरचा झेंडा.

कायद्याचंही लिहितो. या झेंड्यावर नावानिशी बंदी नाही. पण ध्वजसंहितेनुसार तिरंग्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज लावता येत नाही, आणि १७ सप्टेंबरला ध्वजवंदन त्याच चौकात असतं. तणाव झाला तर भारतीय न्याय संहितेचं (समाजात तेढ वाढवण्याबद्दलचं) कलम १९६ लागू शकतं, त्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचा आदेश निघू शकतो. आणि १९४८ चं कापड १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत नाही, त्याला शंभर वर्षं लागतात. म्हणजे त्या सालचा खरा झेंडा कोणाच्या माळ्यावर असेल तर त्याला या कायद्याचं संरक्षण २०४८ पर्यंत नाही. उद्या तो भंगारात गेला तर विचारणारं कोणी नाही. म्हणूनच पेटी हवी.

बालाघाटी
ठीक. वेशीवर नको. ध्वजवंदनाच्या चौकात तर नकोच, एवढं मान्य करतो. पण ‘कोठारात टाका’ हे मान्य नाही, आणि पाटीवर ‘जुलमी राजवट’ एवढंच लिहिणार असाल तर तेही नाही. राजप्रमुखपद लिहा, खुलताबाद लिहा.

मांजराथडी
अर्जापूर पहिल्या ओळीत येणार असेल तर प्रदर्शनाला माझा विरोध मागे. कुलच्याची कथा सगळ्यात खाली.

खामनदी
शोएबुल्ला खान आणि सुंदरलाल अहवाल, दोन्ही. यातलं एक गाळलंत तर मी पुन्हा इथेच लिहीन.

आबान१३५७
क्रम तुम्ही ठरवा. फसली आणि इसवी दोन्ही तारखा द्या, आणि प्रतिकृती असेल तर पाटीच्या पहिल्याच शब्दात ‘प्रतिकृती’.

मांजराथडी
पहिल्या ओळीत अर्जापूर म्हटलंय मी.