कमाई २४ लाखच, पण एकाला कर शून्य आणि दुसऱ्याला जवळपास तीन लाख. हा कुठला न्याय?

हिशेबी:
आयकराचा विषय निघाला की चर्चा टक्क्यांवर येऊन अडते. माझा आक्षेप टक्क्यांवर नाही, उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीवर आहे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत हे करून बघा. पगार २४ लाख, त्यातून ७५,००० ची प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट, उरले २३.२५ लाख. उपकरासकट कर २,९२,५००. आता वकील किंवा तांत्रिक सल्लागार म्हणून वर्षाची जमा तेवढीच, २४ लाख. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली (ठरावीक व्यावसायिकांसाठी अंदाजे नफ्याची सोय) निम्मी जमा नफा म्हणून दाखवली की झालं. म्हणजे १२ लाख, आणि तिथपर्यंत कलम ८७एखाली पूर्ण करमाफी असल्यामुळे कर शून्य! खर्च खरोखर १२ लाख झाला का, याच्या वह्या ठेवायची सक्ती नाही.

वहीखाते:
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. पगारदाराला पीएफमध्ये मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. वकिलाला ऑफिसचं भाडं, कारकुनाचा पगार, आजारी पडला तर कमाई बंद. शिवाय ही सोय ५० लाखांपर्यंतच (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५). छोट्या माणसाला हिशेबाच्या कटकटीतून सोडवायला ती आणली.

हिशेबी:
ऑफिसचं भाडं मान्य. पण घरी बसून लॅपटॉपवर एकाच कंपनीचं काम करणाऱ्या सल्लागाराचे १२ लाख जातात कुठे? अशांना ५० ऐवजी ८० टक्के नफा धरा. नाहीतर मग पगारदारालाही त्याचा खरा खर्च दाखवू द्या.

आडवाट:
तुमचं भांडण वरच्या मजल्यावरचं आहे. ज्याचा आयकराशी संबंधच येत नाही, तो साबणावर कोट्यधीशाइतकाच जीएसटी भरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वरून ५ टक्के झाला, चांगलं झालं. (कोणी शेतीवर घसरायच्या आत सांगतो: शेतकरीही खतावर जीएसटी भरतो, आणि व्यापाऱ्यासारखं त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, त्याला मिळत नाही.) उलट १९८५ मध्ये इस्टेट ड्यूटी (वारशात येणाऱ्या मालमत्तेवरचा कर) गेली, २०१५ मध्ये संपत्ती कर गेला. बापाकडून दहा भूखंड आले तरी वारशावर एक रुपया कर नाही. आधी हे बघा.

वहीखाते:
संपत्ती कर का गेला, तेही सांगा की. २०१३-१४ ची अख्ख्या देशाची वसुली १,००८ कोटी! तेव्हाचे अर्थमंत्री जेटली यांनी त्याऐवजी एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार (करावरचा जादा कर) लावला, त्यातून ९,००० कोटी अपेक्षित होते. जो कर वसूलच होत नाही तो कागदावर ठेवून कोणाचं भलं होणार?

आडवाट:
वसुली कमी होती कारण शेअर आणि बँकेतल्या ठेवी त्यात धरतच नव्हते. कर मुळातच पोकळ ठेवायचा आणि मग वसुली नाही म्हणून काढून टाकायचा, वा! आणि अधिभाराचा पैसा राज्यांच्या वाट्यात येत नाही, हे बरं गाळलंत. तो लागतोही उत्पन्नावर. भूखंड नुसते धरून बसलेल्याचं त्यातून उत्पन्नच नाही, तर अधिभार लावणार कशावर?