मदत हवी आहे: एन्हान्स्ड एडिशन घ्यावी का? सेल उद्या संपतोय

अंबडची_शिफ्ट
नमस्कार मंडळी. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात सेल लागलाय आणि एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे जुन्या गेमची सुधारित आवृत्ती, निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय. घेऊ की नको, एवढंच सांगा. कॉलेजात असताना मूळ गेम मित्राकडे इंदिरानगरला खेळायचो, पण शेवटपर्यंत कधीच पोचलो नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. जुनाच माल रंग देऊन परत विकतात असं ऐकलंय, तसं असेल तर पैसे घालवायचे नाहीत. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे आज रात्रीच ठरवायचंय. लवकर सांगा प्लीज.

निफाडची_द्राक्षं
कुठल्या गेमची एन्हान्स्ड एडिशन?

गंगापूररोड
हेच विचारणार होतो. बीमडॉग कंपनीने असे पाच जुने रोल-प्लेइंग गेम (पात्रांचा गट घेऊन गोष्ट खेळायची असते ते) नव्याने काढलेत. बाल्डर्स गेट २०१२ मध्ये, त्याचा दुसरा भाग २०१३ मध्ये, आइसविंड डेल २०१४, प्लेनस्केप टॉर्मेंट २०१७ आणि नेव्हरविंटर नाइट्स २०१८. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. प्लेनस्केपमध्ये नवीन मजकूर काही नाही, फक्त आजच्या स्क्रीनवर नीट दिसतो आणि वाचता येतो. पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये मात्र बरंच काही बदललंय.

अंबडची_शिफ्ट
अहो बाल्डर्स गेटच, पहिला. दुसरा कुठला असणार?

सिडको_गेमर
भाऊ, थेट तिसरा घे. बाल्डर्स गेट ३, लॅरियन कंपनीचा, २०२३ चा. पहिले दोन न खेळता सगळं समजतं. प्रत्येक पात्र बोलतं, प्रत्येक निर्णयाचा परिणाम दिसतो. मी दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला आणि बाकी सगळे गेम बाजूला पडले.

निफाडची_द्राक्षं
त्याने तिसऱ्याबद्दल विचारलेलंच नाही. आणि तिसऱ्याला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर.

मूळ_आवृत्ती
माझं स्पष्ट मत: एन्हान्स्ड घेऊ नका. मूळ गेम १९९८ चा, बायोवेअरने केलेला, इंटरप्लेने काढलेला. पाच सीडी होत्या. तो जसा होता तसाच खेळावा. एन्हान्स्डमध्ये नीरा, रसाद आणि डॉर्न अशी तीन नवी पात्रं घुसवलीत. त्यांची भाषा मूळ पात्रांच्या भाषेला जुळत नाही, ऐकताक्षणी कळतं. मधले मूळ व्हिडिओही काढून टाकले आणि त्या जागी हाताने काढलेली हलती चित्रं घातली. स्क्रीन मोठी हवी असेल तर वाइडस्क्रीन मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) फुकट आहे. दुसऱ्या भागाच्या इंजिनावर (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पहिला भाग चालवायचा असेल तर बीजीटी (बाल्डर्स गेट ट्रिलॉजी) हा मॉड आहे. हे सगळं चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलंय, आणि तेच काम वापरून कंपनी पैसे घेते हे मला पटत नाही.

गंगापूररोड
यात अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही. व्हिडिओ बदलले, मान्य. तो बदल मलाही आवडला नाही. पण बीजीटी लावायला दुसरा भाग मूळ स्वरूपात हातात असायला लागतो, मग मॉड कुठल्या क्रमाने लावायचे ते वाचा, एक चुकला की सगळं परत. शिफ्ट करून आलेल्या माणसाला हे सांगायचं का? एन्हान्स्ड लावली की खेळायला बसता येतं. झूम आहे, टॅबची कळ दाबली की जमिनीवरच्या वस्तू आणि पेट्या उजळतात. मूळ पहिल्या भागात ही सोय नव्हती. फायरवाइनच्या अवशेषांत अरुंद बोळात गटातले सहा जण एकमेकांना अडवून उभे राहायचे, ते ज्याने भोगलंय त्याला या सोयी कळतील. शिवाय दुसऱ्या भागातले किट (पात्रांचे खास प्रकार) पहिल्या भागात मिळतात. आर्चर (धनुर्धर) किट घेऊन पहिला भाग खेळणं हा वेगळाच आनंद आहे. टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट हा १९९९ चा विस्तारही आतच आहे. फक्त सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर हे नंतरचं विस्तार-प्रकरण वेगळं विकत घ्यावं लागतं. ते पहिल्या खेळीला लागत नाही, मागाहून बघा.

मूळ_आवृत्ती
टॅब दाबून वस्तू शोधायच्या असतील तर शोधण्यात काय राहिलं? आम्ही प्रत्येक भिंतीवर माउस फिरवायचो.

रणरागिणी_नाशिकरोड
मी दोन्ही खेळले आहे. माउस फिरवण्यात तासन् तास गेले आणि त्यातून गोष्ट काही पुढे गेली नाही, त्यामुळे मला टॅब आवडतो. अंबडची_शिफ्ट, तुम्हाला थॅको (वार लागायला फाशावर किती पडायला हवं ते ठरवणारा आकडा) आठवतो का? न आठवल्यास पहिल्या तासातच वैताग येतो. हा गेम दुसऱ्या आवृत्तीच्या डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) नियमांवर आहे. आर्मर क्लास जितका कमी तितकं संरक्षण जास्त. तुमचा थॅको २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडला पाहिजे. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं. एन्हान्स्डमध्ये स्टोरी मोड आहे, त्यात आपली माणसं मरत नाहीत, फक्त गोष्ट बघायची असेल तर तो लावा. मी स्वतः लावणार नाही, पण ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे.

निफाडची_द्राक्षं
सगळे भांडायला लागले पण कोणी विचारलं नाही की मशीन कुठलं आहे. अंबडची_शिफ्ट, पीसी का लॅपटॉप? विंडोज कुठलं?

अंबडची_शिफ्ट
लॅपटॉप आहे. चालेल ना, पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम आहे, त्याला काय लागतंय.

निफाडची_द्राक्षं
तसं नसतं. विंडोज कुठलं, रॅम किती, ३२ बिट का ६४ बिट, ते सांगा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज.

अंबडची_शिफ्ट
विंडोज ७, ३२ बिट. रॅम ४ जीबी, त्यातली ३ च्या आसपास वापरता येते असं लिहिलंय. भावाच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप आहे. सेल मी मोबाइलवर बघितला, लॅपटॉपवर स्टीम अजून टाकलेलं नाही.

निफाडची_द्राक्षं
मग थांबा, पैसे भरू नका. दोन अडचणी आहेत. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट बंद केलाय. आणि एन्हान्स्डचा २.६ पॅच (अपडेट) २०२१ मध्ये आला, तेव्हापासून विंडोजवर ती ६४ बिटवरच चालते. म्हणजे सेलमध्ये घेतलीत तरी या लॅपटॉपवर सुरूच होणार नाही.

अंबडची_शिफ्ट
काय सांगता! मी तर कार्ड काढून बसलो होतो. म्हणजे लॅपटॉप बदलल्याशिवाय काहीच होणार नाही का?

सिडको_गेमर
नवीन मशीनच असेंबल कर ना. चांगलं ग्राफिक्स कार्ड टाक, म्हणजे तिसराही चालेल.

अंबडची_शिफ्ट
भाऊ, एका जुन्या गेमसाठी नवीन मशीन नाही घेणार. घराचा हप्ता चालू आहे.

पेंग्विन_पंचवटी
विंडोजऐवजी लिनक्स टाका. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिटचा असण्याची शक्यता भरपूर आहे, विंडोज तेवढं ३२ बिटचं बसवलेलं आहे. तेव्हा असं सर्रास करायचे. ६४ बिट लिनक्स मिंट टाकलं की ४ जीबी रॅम पूर्ण वापरता येईल आणि एन्हान्स्डची लिनक्स आवृत्तीही आहे. ते नको असेल तर जेमआरबी बघा. या गेमचं इन्फिनिटी इंजिन नव्याने लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, मूळ गेमच्या फाइली तुमच्याकडे असल्या की त्याच्यावर गेम चालतो.

मूळ_आवृत्ती
लिनक्स का म्हणून? मूळ गेम विंडोज ७ वर सरळ चालतो! मी सुरुवातीपासून तेच सांगतोय.

पेंग्विन_पंचवटी
कारण विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट येत नाहीत आणि ते त्यावर बँकेचं कार्ड वापरणार आहेत. गेमपेक्षा ती काळजी मोठी आहे.

रणरागिणी_नाशिकरोड
कार्ड मोबाइलवरून वापरावं, लॅपटॉपवर फक्त गेम ठेवावा. टॅब्लेट आहे का घरी? अँड्रॉइडवर एन्हान्स्ड २०१४ पासून आहे. फोनवर अक्षरं बारीक पडतात, टॅब्लेटवर चांगली दिसतात.

अंबडची_शिफ्ट
टॅब्लेट नाही. माउसने खेळायचंय.

गोदाकाठ_७७
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. २००५ च्या आसपास कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंमध्ये संध्याकाळी जागा मिळायची नाही. सगळे काउंटर स्ट्राइक खेळायचे आणि कोपऱ्यात एक-दोन जण असले गेम घेऊन बसलेले असायचे. घरी खेळायचं तर लोडशेडिंग. मी प्रत्येक लढाईआधी सेव्ह करायचो ते राक्षसांच्या भीतीने नाही, लाइट जाईल म्हणून. चौथी सीडी टाका असा संदेश आला आणि ती सीडी मित्राने दुसऱ्या मित्राला दिलेली असली की तो आठवडा संपला.

अंबडची_शिफ्ट
अगदी हेच! आम्ही नॅशकेलच्या खाणीपर्यंत पोचलो आणि पुढची सीडी चरे पडून गेली. लोखंड का ठिसूळ होतंय, तलवारी का मोडतायत, खाणीत कोण घोळ घालतंय, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कृपा करून कोणी इथे लिहू नका.

मूळ_आवृत्ती
नाही लिहीत. ते स्वतःच शोधा. मूळ गेमची एवढी ओढ असलेला माणूस भेटला, फार बरं वाटलं.

द्वारका_सर्कल
माझ्याकडे हार्ड डिस्कवर पूर्ण गेम आहे. द्वारकेला या, कॉपी करून देतो, पैसे कशाला भरता.

निफाडची_द्राक्षं
असं इथे लिहू नका, आणि असं देऊही नका. ज्यांनी हे गेम आजच्या मशीनवर चालते ठेवलेत त्यांना चार पैसे मिळालेच पाहिजेत. मिळाले नाहीत तर पुढच्या विंडोजवर हे कोण चालवणार?

अंबडची_शिफ्ट
मलाही विकतच घ्यायचाय. तेव्हा कॉप्या खेळलो, आता पगार आहे.

गंगापूररोड
मग माझं शेवटचं मत ऐका, कारण याच्यात सगळ्यांचंच समाधान होईल. स्टीम सोडा, जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात बघा. तिथे बाल्डर्स गेटची एन्हान्स्ड एडिशन घेतली की मूळ आवृत्तीही सोबत मिळते. ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवता येतो, कुठलंही क्लायंट सॉफ्टवेअर लागत नाही, डीआरएम (कॉपी अडवणारं कुलूप) नाही. इन्स्टॉलर मोबाइल किंवा दुसऱ्याच्या पीसीवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. आज या लॅपटॉपवर मूळ गेम लावा, ज्या दिवशी ६४ बिट मशीन येईल त्या दिवशी एन्हान्स्ड लावा. आणि जमलं नाही तर जीओजी ३० दिवसांत पैसे परत करतं, गेम उतरवून खेळून बघितला असला तरी. स्टीमची अट १४ दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेला असण्याची आहे. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा. बंद असतील तर पेमेंट नाकारलं जाईल आणि तुम्ही उगाच गेमला दोष द्याल.

मूळ_आवृत्ती
याला माझी हरकत नाही. पण मूळवर खेळताना स्क्रीन ६४० बाय ४८० ची असेल. चित्र ताणलेलं दिसलं तर घाबरू नका. वाइडस्क्रीन मॉड लावा, पण अती नको. फार मोठं रिझोल्यूशन घेतलं की माणसं मुंगीएवढी होतात, कारण मूळ गेममध्ये झूम नाही.

गंगापूररोड
आणि म्हणूनच एन्हान्स्डमधला झूम कामाचा आहे, हे तुम्हीच सांगितलंत.

मूळ_आवृत्ती
झूमपुरतं मान्य. नवीन पात्रांचं अजूनही मान्य नाही. डॉर्नला मी कधीच गटात घेणार नाही.

रणरागिणी_नाशिकरोड
कोणी सक्ती केलेली नाही. तिघांनाही न घेता अख्खा गेम संपतो. मी नीराला घेते, तिच्या वाइल्ड मॅजिकमुळे प्रत्येक लढाईत काय होईल याचा नेम नसतो आणि मला ते आवडतं.

सिडको_गेमर
म्हणजे तिसरा नाहीच घेणार?

अंबडची_शिफ्ट
आधी पहिला संपवतो भाऊ. नंतर दुसरा. मग बघू.

(दुसऱ्या दिवशी)

अंबडची_शिफ्ट
झालं. जीओजीवर घेतला. परदेशी व्यवहार बंदच होते, रात्री ॲपमधून चालू केले. मूळ आवृत्ती शिफ्टला जायच्या आधी लॅपटॉपवर लावली आणि चालली. गेम जिथे सुरू होतो त्या कँडलकीपचं संगीत सुरू झालं तेव्हा अंगावर काटा आला. लिनक्सचंही डोक्यात आहे, शनिवारी सुट्टी असते तेव्हा प्रोसेसर बघतो. आता एक अडचण: फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर एक मांत्रिक उभा आहे, नाव विचारतो आणि सगळ्यांना मारून टाकतो. मी पण मांत्रिकच घेतलाय, ४ हिट पॉइंट, म्हणजे जीव अगदी थोडा. काय करायचं?

रणरागिणी_नाशिकरोड
तो तार्नेश. पहिल्या पातळीच्या मांत्रिकाला ४ हिट पॉइंट म्हणजे त्याच्या एका मॅजिक मिसाइल मंत्रात काम तमाम. सुरुवातीला भेटते त्या इमोएनला सोबत घेतलीत ना? तिच्याकडे मॅजिक मिसाइलची कांडी आहे, ती वापरा. तो मंत्र म्हणायला लागला की त्याच क्षणी मारा, मार बसला की मंत्र तुटतो. स्पेसबारने गेम थांबवून प्रत्येकाला हुकूम द्या, धावत्या गेममध्ये जमणार नाही. तुमचं पात्र मागे ठेवा. अंगणातल्या पहारेकऱ्यांच्या जवळ लढाई ओढलीत तर तेही मदतीला येतात.

मूळ_आवृत्ती
आणि तो मेला की थेट आत जा. खालिद आणि जहेरा हे सोबती तिथेच आहेत, दोघांनाही घ्या. खालिदला पुढे उभा करा. खाणीकडे जाण्याआधी गटात किमान चार जण हवेतच.