देवस्थानाचा हिशेब विचारणं हे भाविकाचं कर्तव्य आहे का?

कृष्णाकाठ: आमच्या गावच्या देवस्थानाची बागायत जमीन विश्वस्तांनी १५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६: शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. ती घेतलीच नव्हती. साऱ्या गावाला ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. कलम २(१०) नुसार देवळात नेमाने जाणारा भाविकही हितसंबंधित व्यक्ती, म्हणजे कारभाराबद्दल दाद मागू शकणारा, ठरतो. मग हिशेब विचारणं ही त्याची जबाबदारीच आहे. महाप्रसादाच्या पंगतीला बसायचं आणि ऑडिटचा विषय निघाला की उठायचं, हे मला पटत नाही.

माजी विश्वस्त: कुठल्या कलमात लिहिलीय ही जबाबदारी? हिशेब ठेवणं, ऑडिट करून घेणं, विश्वस्त वगैरे बदलले की नोंदीसाठी ९० दिवसांत बदल अर्ज देणं, सगळं विश्वस्ताच्या डोक्यावर. भाविकाला फक्त हक्क. आणि तो कसा वापरतात ते मी सोसलंय. विरोधी गट प्रत्येक बदल अर्जाला हरकत घेतो, प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं, बँक नव्या विश्वस्तांच्या सह्या घेत नाही, पुजाऱ्याचा पगार अडतो. त्यावर अजून कर्तव्याचा शिक्का मारलात तर गावात विश्वस्त व्हायला माणूस मिळणार नाही.

वकिलीण सांगली: काका, खासगी ट्रस्टचा १८८२ चा कायदा बघा. कलम ६८: गैरव्यवहार कळूनही जो लाभार्थी तो लपवतो, किंवा इतर लाभार्थ्यांच्या हितासाठी वाजवी वेळेत हालचाल करत नाही, त्याचा वाटा नुकसान भरून निघेपर्यंत अडकवून ठेवता येतो. म्हणजे घरच्या ट्रस्टमध्ये गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते. हा कायदा सार्वजनिक ट्रस्टना लागू नाही, आणि १९५० च्या कायद्यात भाविकावर असं काही बंधन नाही. माझ्या मते ही उणीवच आहे.

माजी विश्वस्त: तिथे अडकवायला वाटा तरी असतो. भाविकाचं काय जप्त करणार, दर्शन?

वकिलीण सांगली: शिक्षा करा असं मी म्हणतच नाही. पण खोट्या तक्रारींना चाळणी आधीच आहे. १९५० च्या कायद्याच्या कलम ५० खाली गैरकारभाराचा दावा लावायचा तर किमान दोन हितसंबंधित लागतात, वर कलम ५१ नुसार धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती.

परिचारिका: तुम्ही सगळे देवळातच अडकलात. ट्रस्टची रुग्णालयंही याच कायद्याखाली येतात. कलम ४१-अअ आणि उच्च न्यायालयाची २००६ ची योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. हेही लाभार्थीच ना? तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आलेल्या बाईला आपल्यासाठी खाट राखीव आहे हेच माहीत नसतं. तिच्यावर हिशेबाचं कर्तव्य टाकणं हा अन्याय आहे. विचारायचं काम धर्मादाय कार्यालयाचं.

कृष्णाकाठ: ताई, रुग्णाबद्दल शंभर टक्के मान्य. मी बोलतोय ते धडधाकट, गावकीत मान असलेल्या, सगळं माहीत असलेल्या माणसांबद्दल. कलम ५० साठी मला अजून एकच सही हवी आहे, आणि आख्ख्या गावात ती मिळत नाहीये.