ट्रिमचं चित्र छापायलाच नको होतं!

शाईदौत (धागालेखक)
लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या विनोदी इंग्रजी कादंबरीचे पहिले दोन खंड १७५९ च्या अखेरीस आले. १७६० च्या लंडन आवृत्तीत इंग्रज चित्रकार होगार्थचं चित्र आलं, तेही स्टर्नने ओळखीतून शब्द टाकून मिळवलेलं. त्यात कादंबरीतला कॉर्पोरल ट्रिम प्रवचन वाचतोय, डॉक्टर स्लॉप झोपलाय. माझं ठाम मत, या चित्राने विनोदाची हानी केली. मजकुरात ट्रिम जमिनीशी साडेपंच्याऐंशी अंशांचा कोन करून उभा आहे, सात-अष्टमांश भार उजव्या पायावर! हसू येतं ते या हिशेबाचं. चित्रात अर्धा अंश कुठून दिसणार? पुढे सहाव्या खंडात विधवा वॉडमनचं रूप सांगायची वेळ आली, तेव्हा स्टर्नने अख्खं पान कोरं सोडलं आणि वाचकालाच म्हणाला, तूच काढ. मला तो स्टर्न खरा वाटतो.

कोरीवकाम
अजिबात पटलं नाही. ट्रिमची ती वाकून उभं राहायची ढब मुळात होगार्थकडूनच आलीय. १७५३ च्या पुस्तकात होगार्थने नागमोडी 'सौंदर्यरेषा' मांडली आणि स्टर्न त्याच परिच्छेदात तिचं नाव घेतो. म्हणजे ज्याच्या सिद्धांतावरून गंमत केली, त्याच्याच हातून ती चितारून घेतली. चित्राशिवाय ती गंमत अर्धीच राहिली असती.
कादंबरीकार फील्डिंगचंही बघा. 'टॉम जोन्स'मध्ये (१७४९) ब्रिजेटबाई या पात्राचं वर्णन करायच्या ऐवजी तो सरळ सांगतो, होगार्थचं 'सकाळ' हे चित्र बघा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात कडाक्याच्या थंडीत नटूनथटून प्रार्थनेला निघालेली बाई, मागे तिचं प्रार्थनेचं पुस्तक घेतलेला उपाशी पोऱ्या. वाचकांना ही चित्रं ठाऊक असणार, हे त्याने धरूनच चाललंय.

शाईदौत
पण ते चित्र त्याने पुस्तकात छापलं नाही, आठवायला लावलं! माझा मुद्दा तोच आहे. स्मॉलेटची 'हम्फ्री क्लिंकर' (१७७१) ही कादंबरी घ्या, सगळी पात्रांच्या पत्रांतून सांगितलेली. बाथ शहराला मॅथ्यू ब्रॅम्बल नाकं मुरडतो, भाची लिडिया त्याच शहरावर भाळते. १७९३ च्या आवृत्तीसाठी रोलँडसनने चित्रं काढली, ती मला आवडतातही. पण चित्रकार कोणाच्या डोळ्यांनी बघणार? एकाच्याच ना?

तांबेपट्टी
मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरते, म्हणून थोडं वेगळं. ट्रिमचं चित्र होगार्थचं, पण पत्रा कोरला रॅव्हनेने. छाप उलटा उठतो. रेखाटन जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं तर उजवा पाय डावा होतो, आणि इथे तर जवळजवळ सगळा भार उजव्यावर! कोरणाऱ्याला ते वाक्य शब्द न् शब्द वाचावं लागतं. माझ्या मते स्टर्नचे सर्वांत बारकाईने वाचणारे वाचक हेच लोक होते.

शाईदौत
हे डोक्यातच आलं नव्हतं. कोरणाऱ्याबद्दल मान्य. वाचकाबद्दल मात्र अजून नाही, पहिल्या वाचनात मी ते पान झाकूनच ठेवीन.